नायगारा राहिला, मोहरी पाहिली

अमेरिकेहून परत आलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "नायगारा बघितला का?" आम्ही लेकीकडे तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा नायगारा राहिलाच. परवा पुण्याच्या वन्संचा फोन आला. त्यांच्या शेजारच्या काकू एका टूरबरोबर जाऊन न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, लास वेगास असं सगळं बारा दिवसांत "करून" आल्या म्हणे. वन्संनी विचारलं, "आणि तुम्ही मागच्या खेपेला दोन महिने राहून काय केलंत?" मी म्हटलं, मोहरी पाहिली. त्यावर पलीकडे जी शांतता पसरली, ती भरून काढायला हा लेख.

तर केलं ते असं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लेक, जावई, नातू, हे आणि मी असे पाच जण शिकागोजवळच्या लेकीच्या घरून गाडी काढून चार दिवस हिंडलो. आधी आयोवा राज्यातलं एक मक्याचं शेत, मग विस्कॉन्सिन राज्यातलं मोहरीचं संग्रहालय, आणि शेवटी मिलवॉकी शहरात बेसबॉलचा सामना. वाटेत मिळेल ते त्या त्या गावचं खायचं, हा लेकीचा नियम. मी शाकाहारी, हे माशाचे भोक्ते, नातवाला सगळंच चालतं, त्यामुळे नियम पाळायला फार जड गेलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढचा ब्लॉग वाचावा. एखादा देश धबधब्यांवरून आणि उंच इमारतींवरून फार थोडा कळतो. तिथल्या माणसांनी काही फायदा नसताना काय जपून ठेवलंय, ते बघावं. त्यातही हरलेलं, मागे पडलेलं, चारचौघांत हसं होईल असं जे जपलंय, ते तर आवर्जून बघावं. अमेरिकेत जिंकणाऱ्यालाच विचारतात असं आपण नेहमी म्हणतो. या चार दिवसांत मला निराळंही काही दिसलं, आणि पस्तीस वर्षं निकाल लावण्यात घालवलेल्या बाईला ते लागलं, एवढंच.

आधी मक्याचं शेत. आयोवातल्या डायर्सव्हिल गावाबाहेर 'फील्ड ऑफ ड्रीम्स' या १९८९ सालच्या सिनेमासाठी शेतातच बेसबॉलचं मैदान केलं होतं. ते अजून आहे. पांढरं लाकडी घर, हिरवळ आणि तिच्या कडेला डोक्याहून उंच मका. सिनेमात एका शेतकऱ्याला आवाज ऐकू येतो, तो उभं पीक मोडून मैदान करतो आणि मक्यातून जुने, मेलेले खेळाडू खेळायला बाहेर येतात. हे खेळाडू साधेसुधे नव्हेत. १९१९ साली शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या आठ जणांवर पैसे खाऊन अंतिम मालिका मुद्दाम हरल्याचा आरोप झाला. १९२१ मध्ये कोर्टानं त्यांना सोडलं, पण बेसबॉलनं सोडलं नाही. आठही जणांवर जन्माची बंदी. त्यांतला 'शूलेस जो' जॅक्सन १९५१ मध्ये गेला, आणि त्याचं नाव बंदीच्या यादीतून निघालं २०२५ च्या मे महिन्यात! म्हणजे हरणं त्या खेळात रोजचं, पण मुद्दाम हरणाऱ्याला शंभर वर्षं माफी नाही. शिक्षिका म्हणून मला हा हिशेब एकदम पटला. नापास होणाऱ्या मुलावर मी कधी रागावले नाही. कॉपी करणाऱ्यावर मात्र...असो.

त्या मैदानावर कुणाचा सामना नव्हता. लोक आपापले हातमोजे घेऊन आले होते आणि बाप-लेक, काका-पुतणे एकमेकांकडे नुसते चेंडू फेकत होते. आमचे जावई आणि नातूही त्यात मिसळले. तासभर कुणी काही मोजलं नाही. ह्यांनी दरम्यान मक्याची पाहणी केली. ही शेतकऱ्याघरची सवय. एवढा अफाट मका, पण बहुतेक सगळा गुरांच्या खाण्यासाठी आणि इंधनात घालायच्या इथेनॉलसाठी. खायचा गोड मका वेगळा. तो रस्त्याकडेच्या टपरीवर उकडून, वर लोणी लावून मिळाला. लोणी ठीक आहे, पण तिखट-मीठ आणि लिंबू चोळल्याशिवाय कणसाला कणीस म्हणवत नाही. माझ्या पर्समध्ये तिखटाची डबी असते. लेकीनं डोळे वटारले आणि मग हळूच स्वतःचंही कणीस पुढे केलं.

त्याच गावात खेळण्यातल्या ट्रॅक्टरांचं संग्रहालय आहे. खरंच. बोटभर ते हातभर लांबीचे हजारो ट्रॅक्टर, नांगर, मळणीयंत्रं. मी अर्ध्या तासात बाहेर बाकावर येऊन बसले. ह्यांना दोन तासांनी ओढून काढावं लागलं.

विस्कॉन्सिनमध्ये शिरलं की दूधदुभतं सुरू होतं. तिथे चीजचे ताजे गठ्ठे मिळतात, 'चीज कर्ड्स' म्हणतात. खरे ताजे असतील तर चावताना दाताखाली नव्या रबरी चपलेसारखे चुईचुई वाजतात. एक-दोन दिवसांनी आवाज जातो, म्हणून ते जिथले तिथेच खायचे. या राज्याला आपल्या लोण्याचा इतका अभिमान की १८९५ पासून १९६७ पर्यंत तिथे पिवळा रंग दिलेलं मार्गारीन विकायला कायद्यानं बंदी होती. मग गृहिणी काय करत? शेजारच्या इलिनॉय राज्यात जाऊन गाडीत भरून आणत. डालडा आणि साजूक तुपावरून आपल्याकडे सासवा-सुनांत जे होई, ते तिथे विधिमंडळात झालं म्हणायचं.

आता मोहरी. मॅडिसन शहराला लागून मिडलटन नावाचं गाव आहे, तिथे 'नॅशनल मस्टर्ड म्युझियम' आहे. त्याची जन्मकथा ऐकून मी तिथेच ठरवलं होतं की यावर लिहायचं.

बॅरी लेव्हनसन नावाचे एक सरकारी वकील. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचे निस्सीम भक्त. हा संघ १९१८ नंतर अजिंक्यपद मिळवू शकलेला नव्हता. १९८६ च्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात विजय एका चेंडूवर आला. आणि पुढे बिल बकनर या खेळाडूच्या दोन पायांमधून एक साधा घरंगळता चेंडू निघून गेला. सामना गेला. पाठोपाठ सातवा सामना आणि मालिकाही गेली. लेव्हनसनना त्या रात्री झोप येईना. रात्रभर उघड्या असणाऱ्या एका किराणा दुकानात ते भटकत राहिले आणि मस्टर्डच्या बाटल्यांच्या फळीपुढे थांबले. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांना तिथे आवाज ऐकू आला, की तू या बाटल्या जमव, लोक येतील. (हा मक्याच्या सिनेमातल्या आवाजाचाच भाऊ. तिथल्या लोकांना असे आवाज बरेच ऐकू येतात.) त्यांनी बाटल्या घेतल्या आणि ते थांबलेच नाहीत. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात राज्याची बाजू मांडायला गेले, तेव्हा हॉटेलात कुणाच्या तरी उष्ट्या ट्रेवर दिसलेली मस्टर्डची छोटी बाटली त्यांच्या खिशात होती. खटला जिंकले. पुढे नोकरी सोडली, १९९२ मध्ये माउंट होरेब गावी संग्रहालय काढलं आणि २००९ मध्ये ते मिडलटनला आणलं. सहा हजारांहून जास्त प्रकारच्या बाटल्या आहेत. आत जायला तिकीट नाही.

आता मोहरीच्या बाबतीत आपण मराठी बायका काही पाहुण्या नव्हे. फोडणीत तडतडली की मोहरी सौम्य होते, खमंग होते. तीच मोहरी पाण्यात फेसली की नाकात झिणझिण्या आणते. लोणच्याला किंवा केळ्याच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून घेताना घरभर सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. याचं शास्त्र तिथे समजलं. अख्ख्या दाण्यात तिखटपणा नसतोच. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की आतला एक पाचक पदार्थ दुसऱ्यावर काम करतो आणि तेव्हा तो तिखटपणा जन्माला येतो. उष्णतेनं तो पाचक पदार्थ मरतो, म्हणून फोडणीतली मोहरी झोंबत नाही. आमच्या आजीला हे ठाऊकच होतं, फक्त नावं ठाऊक नव्हती. "मोहरी गार पाण्यातच फेसायची गं," हे तिचं वाक्य.

चव बघायला तिथे एक लांब ओटा आहे. मधातली, लसणातली, दारूतली, अक्रोडातली, मागाल ती बोटभर देतात. मी सतरा चवी घेतल्या. संग्रहालयाचं स्वतःचं एक खोटं विद्यापीठही आहे, 'पूपॉन यू' नावाचं, त्याचे सदरे आणि टोप्या विकायला ठेवलेल्या. मस्टर्डच्या एका फ्रेंच नावावरचा हा विनोद नातवानं मला समजावून दिला. सहा हजार बाटल्यांच्या मधोमध उभं राहून माझ्या मनात आलं, की एका माणसाचा संघ हरला, त्याला रडू आलं, आणि त्या रडण्याचं त्यानं हे असं काहीतरी केलं. कुणी म्हणेल रिकामटेकडा उद्योग. मला तो शहाणपणाचा वाटतो.

मात्र सगळीच विचित्र संग्रहालयं मला आवडतात असं समजू नका. स्प्रिंग ग्रीनजवळचं 'हाउस ऑन द रॉक' फार प्रसिद्ध आहे. अंधार, शेकडो बाहुल्या, आपोआप वाजणारी वाद्यं, २६९ प्राण्यांचं एक भलंमोठं चक्री पाळणाघर, ज्यात एकही घोडा नाही. खरं काय, नकली काय, कुठलं काय, याच्या पाट्याच नाहीत. डोकं धरलं. लेकीला फार आवडलं. तिकीटही भारी होतं.

शुक्रवार होता म्हणून रात्री 'फिश फ्राय'. विस्कॉन्सिनमध्ये जर्मन आणि पोलिश कॅथलिक लोकांची वस्ती मोठी. त्यांच्यात शुक्रवारी मांस वर्ज्य, मग त्या दिवशी तळ्यातले मासे पीठ लावून तळायचे, सोबत बटाट्याची धिरडी, कोबीची कोशिंबीर आणि राईचा पाव. एकादशी आणि दुप्पट खाशी, दुसरं काय! मी दोन माणसांची धिरडी खाल्ली.

आणि मग मिलवॉकी. इथला संघ ब्रूअर्स, म्हणजे बिअर गाळणारे. सामन्याआधी वाहनतळावर लोक गाड्यांच्या मागे शेगड्या पेटवून चक्क वनभोजन करतात. आत गेल्यावरही खाणं चालूच. सहाव्या डावाच्या मध्यावर माणसाएवढी पाच सॉसेजं, म्हणजे आत माणूस असलेली, मैदानाच्या कडेनं शर्यत पळतात. २००३ मध्ये पाहुण्या संघाच्या एका खेळाडूनं गंमत म्हणून त्यांतल्या एकाला बॅटनं टोला दिला आणि आतली मुलगी पडली. खेळाडूला दंड झाला, सामन्यांची बंदी झाली. त्या मुलीनं मागितलं काय, तर ती बॅट, सही करून.

बेसबॉल मला अगदीच परका नव्हता, कारण आमच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ होता. पण गुणतक्ता मला नातवानं शिकवला. तो कागदावर प्रत्येक चेंडूची नोंद ठेवतो. फलंदाज बॅट फिरवून बाद झाला की इंग्रजी 'के', आणि नुसता बघत राहून बाद झाला की तोच 'के' उलटा, आरशातल्यासारखा. प्रयत्न करून चुकला आणि प्रयत्नच केला नाही, यांना वेगळी खूण! आमच्या उत्तरपत्रिकांत दोन्हींना शून्यच. मोठ्या फलकावर धावा आणि फटक्यांशेजारी चुकांचाही रकाना असतो, चाळीस हजार लोकांसमोर. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे यांचा प्रथम श्रेणीचा फलंदाज कोण, तर दहा संधींपैकी तीनदा फटका साधणारा. तीस टक्के. आमच्याकडे पस्तीसला पास. टेड विल्यम्सनं १९४१ मध्ये चाळीस टक्क्यांच्या जरासं वर मजल मारली, त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये पूर्ण हंगामभर ते कुणाला जमलेलं नाही.

स्टेडियमच्या अगदी वरच्या, अगदी शेवटच्या रांगेत, जिथून छपराच्या सांगाड्यामुळे मैदान नीट दिसतही नाही, तिथे एक पुतळा बसलेला आहे. बॉब युकर. हा मिलवॉकीचाच. १९६२ ते १९६७ खेळला, सरासरी वीस टक्के. आपण किती वाईट खेळायचो याचे किस्से सांगून तो देशभर लाडका झाला, आणि १९७१ पासून २०२४ पर्यंत ब्रूअर्सचे सामने रेडिओवर सांगत राहिला. एका जाहिरातीत त्याला वाटतं आपल्याला पुढची जागा मिळणार, आणि नेऊन बसवतात सगळ्यात मागे. त्या विनोदाखातर पुतळाही मागेच, शेजारची खुर्ची लोकांसाठी रिकामी. आम्ही जिने चढून गेलो, गुडघ्यांची तक्रार न ऐकता, आणि हे त्याच्या शेजारी बसले. तेव्हा युकर हयात होते. २०२५ च्या जानेवारीत, नव्वदाव्या वर्षी गेले. ब्रूअर्सनं २०२५ च्या हंगामापर्यंत एकदाही अजिंक्यपद मिळवलेलं नाही. १९८२ मध्ये एकदाच अंतिम मालिकेत पोचले आणि हरले. २०२५ मध्ये १६२ पैकी ९७ सामने जिंकले, सगळ्या संघांत जास्त. म्हणजे ६५ हरलेच ना! आणि उपांत्य मालिकेत लॉस एंजेलिसनं चारही सामने घेतले.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर लेक म्हणेल आई एकतर्फी लिहिते. ज्याच्या पायांमधून चेंडू गेला, त्या बकनरला लोकांनी फार छळलं. वीस-बावीस वर्षांच्या कारकिर्दीत २,७१५ फटके मारलेला माणूस, पण त्याची ओळख तो एक चेंडू. घरच्यांनाही ऐकून घ्यावं लागलं, शेवटी तो दूर आयडाहोत जाऊन राहिला. बॉस्टन २००४ मध्ये जिंकलं, त्यानंतर २००८ मध्ये त्याला मानाचा पहिला चेंडू टाकायला बोलावलं आणि सगळं मैदान उभं राहिलं. स्वतः जिंकल्यावर माफ करणं सोपं असतं. हे मी त्या देशाच्या खाती जमा धरत नाही.

आणि अशी संग्रहालयं टिकवणं अवघड, हेही खरं. मिसूरीतल्या इंडिपेन्डन्स गावी लायला कोहून या बाईंनी माणसांच्या केसांच्या कलाकुसरीचं संग्रहालय उभं केलं होतं. गेलेल्या माणसाचे केस गुंफून केलेली फुलं, दागिने. त्या २०२४ च्या अखेरीस गेल्या आणि २०२५ मध्ये नातीनं ते बंद करून वस्तू इतर संग्रहालयांना वाटायला घेतल्या. एका माणसाचं वेड दुसऱ्याच्या घरात किती दिवस राहणार?

वन्सं, तुमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावानं जमवलेलं. अडकित्ते, दिवे, फण्या, वज्र्या, दौती, वीस हजारांच्या आसपास वस्तू, ज्या त्या काळी लोक मोडीत काढत होते. १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा संसार सरकारच्या स्वाधीन केला. मिडलटनच्या वकिलाचं आणि केळकरांचं मला एकच गोत्र वाटतं. पुण्यात चाळीस वर्षं राहून तुम्ही ते पाहिलेलं नाही, हे मी चारचौघांत सांगितलं म्हणून रागावू नका. पुढच्या वेळी आपण दोघी जाऊ.

माझ्याकडेही एक वस्तू आहे. आमच्या शाळेच्या सभागृहात दहावीला पहिल्या आलेल्यांची नावं रंगवलेला फळा होता आणि करंडक जिंकलेल्या संघांचे फोटो होते. १९८८ मध्ये आमच्या मुली सॉफ्टबॉलच्या जिल्हा अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. संघात हातमोजे चारच, ते डाव बदलला की एकमेकींना द्यायच्या. शेवटच्या डावात एक झेल सुटला आणि सामना गेला. फोटो काढला होता, पण करंडक नाही म्हणून तो लागला नाही. पुढे कार्यालयाची रंगरंगोटी निघाली, रद्दीबरोबर तो जाणार होता, तेव्हा मी मागून घेतला. तीस वर्षं कपाटात होता. मिलवॉकीहून आल्यावर त्याला चौकट करून घेतली आणि आता तो आमच्या बाहेरच्या खोलीत घड्याळाखाली आहे. बारा जणी आहेत. आठ जणींची नावं मी मागे लिहिली, दोघींशी फोनवर बोलणंही झालं. झेल सुटला ती आता सांगलीला असते, दोन नातवंडं आहेत, आणि "बाई, तो फोटो लावू नका हो" म्हणून आधी लाजली, मग म्हणाली एक प्रत मला पाठवा.

चार जणी राहिल्यात. मागच्या रांगेत डावीकडून दुसरी, दोन वेण्या, कपाळावर पट्टी बांधलेली, तिचं माहेर बहुतेक कराडकडचं. आमच्या वाचकांत त्या बाजूचे बरेच आहेत. कुणाला ओळख लागली तर कळवा.